पॅकिंग लाइनवरची मुलाखत

आई, परवा वर्गात पोरांना मुलाखत कशी घ्यायची ते शिकवत होते आणि मधेच तुझी आठवण येऊन हसायलाच आलं. तू गेलीस त्याला कितीतरी वर्षं झाली. कल्याणच्या ज्या कॉलेजात मी शिकले तिथेच आता शिकवते, विषयही तोच, कामाचं मानसशास्त्र. माणसं काम का करतात, का सोडतात, साहेबावर का चिडतात. मी हा विषय घेतला तेव्हा तू फोडणी टाकता टाकता म्हणालेलीस, ‘यात कॉलेजात जाऊन शिकायचं काय? मला विचार, मी सांगते.’ मला असा राग आलेला. आणि तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट करायची वेळ आली तेव्हा गेले कुठे, तर तुझ्याच कंपनीत.

डोंबिवली एमआयडीसीतली ती औषधांची कंपनी, आणि तू पॅकिंग लाइनची सुपरवायझर. मालकांची परवानगी तूच आणलीस. जेवणाच्या सुट्टीत एकेका बाईशी बोलायचं, काम आवडतं का, काय खटकतं ते विचारायचं, एवढंच माझं काम. आमच्या मॅडमनी आधीच दम दिलेला, ‘कुणी काय सांगितलं ते मालकाला कळता कामा नये, आणि तुझ्या आईला तर मुळीच नाही.’ पहिल्या दिवशी सगळ्या आपल्या ‘सगळं छान आहे गं’ म्हणत होत्या. सुपरवायझरच्या पोरीला दुसरं काय सांगणार? मग एकीने धीर केला आणि थेट तुझ्याबद्दलच बोलली. काय बोलली ते अजूनही सांगणार नाही, उगाच वाट बघू नकोस.

त्या संध्याकाळी तू पोळ्या लाटतेयस, मी शेकतेय. ‘माझ्याबद्दल काय म्हणाल्या गं?’ तू अगदी सहज विचारतेस, आणि मी म्हणते, ‘ते सांगायचं नसतं.’ तुझं लाटणं थांबतं. ‘परवानगी मी आणली आणि मलाच नाही सांगणार?’ ‘तुला तर नाहीच.’ ‘एवढं शिकवलं ते घरातल्यांपासून लपवायला शिकावंस म्हणून का?’ नंतर तू सगळ्यांना वाढलंस, माझ्याशी मात्र एक अक्षर बोलली नाहीस. मी मनातून पार टरकलेले. तू मालकांच्या कानावर नुसतं घातलं असतंस तरी माझं प्रोजेक्ट गेलं असतं आणि सोबत वर्षही. पण मी तोंड उघडलं असतं तर ती बाई परत कधी कुणावर विश्वास ठेवणार? दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून गेले, तर बायका हसतायत. म्हणे तू सकाळी लाइन सुरू करायच्या आधी सगळ्यांसमोर सांगितलंस, ‘माझी पोरगी मलासुद्धा पत्ता लागू देत नाही. बोला बिनधास्त.’ आणि सांगताना तुझी मान नेहमीपेक्षा ताठ होती, हेही त्यांनीच सांगितलं. मला पुढे किती जणांनी शाबासकी दिली असेल, पण तुझ्या त्या वाक्याची सर कशालाच आली नाही.

शेवटच्या दिवशी निळा एप्रन झटकत तू माझ्यासमोरच्या खोक्यावर येऊन बसलीस. ‘विचारा मॅडम. मीपण कामगारच आहे.’ मी सगळं रीतसर विचारलं. उद्या पैशांची गरज उरली नाही तर काम सोडाल का, हेही. तू मागे वळून लाइनकडे बघितलंस. ‘नाही सोडणार. इथे मी हात वर केला की सगळी लाइन थांबते. घरी कोण थांबतं? गणपतीची सुट्टी मला कधी संपते असं होतं.’ मग आवाज खाली आणलास. ‘आणि हे तुझ्या बाबांना कळू द्यायचं नाही. त्यांना वाटतं मी नाइलाजाने राबते. वाटू दे.’ घरी आल्यावर मात्र बाबांना ऐटीत सांगितलंस, ‘आज माझी मुलाखत झाली.’

बाबा खोपटच्या एसटी डेपोत दुरुस्तीच्या गाड्यांखाली झोपून झोपून पाठ मोडून घ्यायचे आणि तुला म्हणायचे, आता थोडीच वर्षं, मग तुला घरी बसवतो. तू मुकाट मान डोलवायचीस. तू गेल्यावर येईल त्याला तेच सांगायचे, ‘बिचारीला माझ्यामुळे राबावं लागलं.’ मी शेजारीच बसलेली असायचे आणि जीभ चावून गप्प राहायचे. आई, मला तुझा किती अभिमान वाटतो हे तेव्हा ओरडून सांगावंसं वाटायचं. शब्द दिलेला, त्यामुळे इलाज नव्हता.

गेल्या रविवारी चहा पिताना त्यांनी एकदम विचारलं, ‘तू तिची मुलाखत घेतलेलीस ना? जिवावर येऊन जायची का गं ती कामाला?’ मी म्हटलं, ‘बाबा, ते सांगता येत नाही.’ ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग बशी खाली ठेवून म्हणाले, ‘म्हणजे खूश होती.’ डोळे पुसले आणि अजून थोडा चहा मागितला. त्यानंतर त्यांच्या तोंडून ‘बिचारी’ आलेलं नाही.

हा कागद मी फाडूनच टाकणार आहे, बाबा अजून माझ्या टेबलावरचं सगळं चष्मा लावून वाचतात. शब्दाने मी काहीच फोडलेलं नाही आई. पण तुझं नाव निघालं की माझा चेहरा माझं ऐकत नाही, एवढं मात्र कबूल करते.