जिनिंगच्या काट्याची वेळ

८ डिसें., सोम.
पुढच्या सोमवारी नागपूरच्या नोकरीवर हजर व्हायचं. तिथल्यायले जुन्या जागेतून सोडल्याचा कागद पाहिजेच. जिनिंग मिलच्या सेठले मागतला, इथले कम्प्युटर मीच पाह्यते. म्हणे, "बेटा, पहिले वजनकाट्याच्या कम्प्युटरचं घड्याळ नीट कर, मग जा."
ऐन कापसाचा सीझन. गेटच्या कम्प्युटरवर गाडी आत आली साडेदहाले, काट्याच्या कम्प्युटरवर तिचं वजन सव्वादहाले. आत यायच्या आधीच वजन कसं? सॉफ्टवेअर पावती काढत नाही. ट्रॅक्टरची लाइन पार मारेगावच्या रस्त्यापर्यंत, अन् शिव्या मले.

९, मंगळ.
दोन्ही मशीन नेटवर्कवरून एकच वेळ घेतात. पण मशीनचा गाभा, कर्नल, गेटवर नवा अन् काट्यावर जुना. जुन्यावर वेळ मिळवली की तासाभरात मागं. काट्यावरबी नवाच टाकला. घड्याळ ठीक. खुश झाली. तेवढ्यात वजन घेणारे बाबारावभाऊ आले. "ताई, गाडी काट्यावर उभी हाय अन् वजन शून्य दाखवते."
काट्याचं वजन कम्प्युटरले देणारं कार्ड नवा कर्नल ओळखतच नाही. कार्ड बनवणारे कवाचेच दुकान बंद करून बसले. परत जुना टाकला. इकडे आड, तिकडे विहीर.

११, गुरु.
सापडलं. जुना कर्नल प्रोसेसरमधली वेळ मोजणारी घडी धरते, अन् या मशीनची तीच लंगडी. बोर्डावर दुसरी हाय. ती धर म्हणून मशीन सुरू व्हायच्या सेटिंगच्या ओळीत लिहून देलं. दिवसभर दोन्ही बरोबर. आईले म्हटलं, बॅग भर.

१२, शुक्र.
सकाळी पाह्यते तं काटा दहा मिनिट पुढं. आता गाडी गेटबाहेर गेली, मंग तिचं वजन. डोकं फिरलं. लॉग चाळत बसली, अन् दुपारी समोरच दिसलं. बाबारावभाऊ भिंतीकडे पाहून कम्प्युटरची वेळ बसवून राह्यले.
"काहून जी भाऊ?"
"मागं पडत जाय ना ताई, तं मी रोज सेठच्या घड्याळावरून मिळवून ठेवतो."
ते भिंतीवरचं सेठच्या बाबूजींचं. लोक कामाले वेळेवर याव म्हणून त्यायनं दहा मिनिट पुढं ठेवलं, तवापासून तसंच. भाऊवर रागावता बी येत नाही, भल्यासाठीच करत.

१३, शनि.
सेठले म्हटलं, भिंतीवरचं बरोबर करा. "बाबूजींच्या घड्याळाले हात नाही लावायचा. तू गेट पुढं कर."
केलं. गेट दहा मिनिट पुढं, त्याचं नेटवर्कवरून वेळ घेणं बंद, अन् काटा वेळ घेईन ते गेटकडून. लाज वाटली. पण पावत्या निघाल्या, लाइन सरकली. कागद मागतला तं सेठ हासले. "आता हे तुझ्याशिवाय कोणाले समजते? सीझन होऊ दे, बेटा."
मीच नीट केलं अन् मीच अडकली. घरी येऊन रडली.

१४, रवि.
जिनिंगची लाइट गेलती म्हणे. कम्प्युटर चालू झाला तं वेळ भलतीच. बाबारावभाऊचा फोन, मंग सेठचा. मंग मले न्यायले सेठची जीपच आली, दारात उभी हाय. आईनं बॅग उचलली अन् हळूच म्हणे, "ड्रायव्हर ओळखीचा हाय. जिनिंगऐवजी एसटी स्टँडवर सोडून देईन का वं तो?"
कागद सेठजवळच. मी अजून उठली नाही.