ग्विनसाहेबांच्या अंगठीचा कस

स्लाऊ, मंगळवार, १९ सप्टेंबर २००६

तीर्थस्वरूप दादा,

धाकट्या भावाचा इथूनच वाकून नमस्कार. आम्ही उभयता ठणठणीत आहोत. तुमचा गुडघा कसा आहे आणि तुम्ही अजूनही दुकानात गादीवर मांडी घालूनच बसता की डॉक्टरांचं ऐकून खुर्ची आणलीत, ते आधी कळवा. (आणली नसेल, हे मला ठाऊक आहे. तरी विचारतो.) वहिनींनी दिलेलं मेतकूट संपलं. सुयश सकाळी सातला ऑफिसला जातो, त्यानंतर नंदा आणि मी समोरच्यांचं मांजर बघत बसतो. माझ्याकडे सोपवलेलं एकमेव काम म्हणजे बुधवारी कौन्सिलची गाडी यायच्या आत कचऱ्याचा डबा फाटकाबाहेर नेऊन ठेवणं. ते मी चोख करतो.

गेल्या शनिवारी सुयशने आम्हाला सोनं दाखवायला वेल्समध्ये नेलं. जळगावात चाळीस वर्षं सोन्याच्या दुकानात बसलेल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी मुद्दाम सोनं दाखवायला न्यायचं, म्हणजे हलवायाला जिलबी दाखवायला नेण्यासारखंच. पण पोराने हौसेने ठरवलं होतं, म्हणून मी बूट चढवले. नंदाने तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. तीन तास मोटरवेने गेलो आणि मोठ्या पुलावरून वेल्समध्ये उतरलो. तिथे रस्त्यावरच्या पाट्या दोन दोन भाषांत असतात आणि दोन्ही मला सारख्याच परक्या. त्यामुळे वळायचं कुठे हे विचारल्यावर मी दरवेळी डावीकडे म्हणत होतो आणि दोनदा बरोबरही आलं.

आता ही जागा म्हणजे काय ते सांगतो. नदीकाठी एक तळं आहे आणि त्यात तीन मजली लोखंडी बोट उभी आहे. ही बोट कुठे जायची नाही. पुढच्या बाजूला बादल्यांची एक मोठी साखळी, ती तळ्याचा तळ खरवडून खडी वर आणायची. आतल्या भल्यामोठ्या जाळीदार पिंपात ती खडी धुतली जायची आणि खाली अंथरलेल्या काथ्याच्या चटयांत सोन्याचे कण अडकायचे. मागून उरलेला दगडगोटा तळ्यातच टाकायचा. थोडक्यात, आपल्या गल्लीत सोनारांच्या दुकानातली धूळ झाडून नेऊन धुणारे झारेकरी असतात ना, त्यातलाच एक झारेकरी, फक्त शंभर टनांचा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ती बंद पडली. आता गावातल्या निवृत्त मंडळींनी तिला रंगबिंग लावून जपलं आहे आणि तेच लोक ती दाखवतात.

चढण्याआधी अर्धा तास सुरक्षेचं व्याख्यान झालं. मग सगळ्यांना शिरस्त्राणं आणि भगभगीत पिवळी जाकिटं. नंदा नऊवार नेसून शिड्या चढणाऱ्या घराण्यातली नाही, पण पाचवारीवर ते जाकीट चढवून ती लोखंडी जिन्यावरून सुयशच्या आधी वर पोचली. वर गेल्यावर तिने विचारलं, दिवसाला सोनं किती निघायचं. वाटाड्याने चिमटीने दाखवलं. एवढ्याशा चिमटीसाठी एवढं लोखंड, म्हणून तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू बोट मीच बांधली होती.

वाटाडे म्हणजे ग्विनसाहेब. वय चौऱ्याहत्तर, अंगाने किडकिडीत, आवाज देवळातल्या घंटेचा. त्यांचे वडील या बोटीवर अकरा वर्षं चटया धुवायच्या कामावर होते. प्रत्येक यंत्रापाशी ते वडिलांचं नाव घेत आणि त्या यंत्राला हात लावत. इंग्रजी मला अर्धंच कळत होतं, पण वडिलांचं सांगताहेत हे सगळं कळलं.

खाली आल्यावर पर्यटकांसाठी पत्र्याच्या ताटल्यांत खडी धुवायचा कार्यक्रम होता. मी उकिडवा बसलो आणि चार हिसक्यांत ताटली साफ केली. पोरं भोवती जमली. इथवर ठीक होतं. मग एका सहा-सात वर्षांच्या मुलीने आपल्या ताटलीतला चमकता खडा मला दाखवला. दादा, सवय वाईट. खिशातला कसोटीचा दगड कधी बाहेर आला ते मलाही समजलं नाही. (तो मी इंग्लंडलाही आणला आहे. तेजाबाची बाटली तुम्ही आणू दिली नाहीत, ते बरं केलंत.) काळपट रेघ उमटली. मी प्रामाणिकपणे सांगितलं, नो गोल्ड. ती मुलगी जी रडायला लागली, ती तिच्या आईने आइस्क्रीम आणेपर्यंत थांबली नाही. सुयश कानाशी येऊन म्हणाला, "बाबा, प्लीज, इट्स जस्ट फॉर फन. लहान मुलांसाठी आहे ते." मी दगड खिशात टाकला, पण ग्विनसाहेबांनी तो पाहिला होता.

त्यांनी सुयशकडून माझा धंदा विचारून घेतला. मग आम्हाला बाजूच्या खोलीत नेलं, चहा दिला आणि पाकिटातून एक अंगठी काढली. काठाला दोन बारीक रेघा, एका अंगाला झिजलेली. वडिलांनी मुकादमाची परवानगी काढून याच बोटीच्या सोन्यातून ती घडवली आणि लग्नात आईच्या बोटात घातली. आईने ती मरेपर्यंत काढली नाही. आता ईस्टरला नातीचं लग्न आहे आणि तिला हीच अंगठी हवी आहे. सोनं कसं आहे, एवढंच त्यांना जाणकाराकडून ऐकायचं होतं.

हातात घेतली तेव्हाच समजलं. सोन्याचं वजन तळहाताला वेगळं लागतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. तरी रेघ ओढली, शेजारी माझ्या अंगठीची ओढली, खिडकीपाशी जाऊन पाहिली. पितळ. चांगलं घोटलेलं, पण पितळ.

दादा, तुम्ही एकदा भर दुकानात मामलेदारांच्या पत्नीला सांगितलं होतंत, की बाई, तुमच्या माहेरच्या पाटल्यांवर नुसता मुलामा आहे. त्या पुन्हा पायरी चढल्या नाहीत. तुम्ही म्हणालात, गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे, आपल्या दुकानात तोंडातून निघेल तो कस. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि तेव्हापासून आजवर कसाच्या बाबतीत एकदाही खोटं बोललो नव्हतो. खिडकीपाशी मला तुमचंच तोंड दिसत होतं. मागे वळलो तर ग्विनसाहेब कप हातात धरून उभे, चहा पिणंही विसरलेले. मी म्हणालो, गुड गोल्ड. व्हेरी गुड. सुयशने भाषांतर करायला तोंड उघडलं, पण त्याची गरज पडली नाही. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं, आणि यातलं कुठलं जास्त ते अजून ठरलेलं नाही.

पुऱ्या आम्ही गाडीत खाल्ल्या. परतीच्या वाटेवर मी एकदाही डावीकडे म्हणालो नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
शशी

ता. क. शुक्रवारी सुयशच्या ऑफिसातली स्वाती भुसावळला माहेरी येते आहे. ती तुम्हाला हे पत्र आणि एक पाकीट देईल. त्यात ती अंगठी आहे. नातीचं बोट जाड, म्हणून वाढवायला ग्विनसाहेबांनी ती माझ्याच हाती दिली. दुसऱ्या कुठल्या सोनाराने पहिली कानस लावताच त्यांना खरं सांगितलं असतं, म्हणून मी घेतली. तशीच सोन्याची करा, एक माप मोठी, झीज आहे तशी ठेवा. सोनं माझ्या अंगठीचं घ्या, तीही पाकिटात आहे. आणि आत दुकानाचा शिक्का मारू नका. सवयीने हात जाईल, तेव्हा कारागिराला आधीच बजावा.

आणखी एक. माझी अंगठी निघताना हात धुवायला वाकलो तेव्हा तळ्यात पडली, असं मी नंदाला सांगितलं आहे. तिने परस्पर सुयशला तिकडे फोन करायला लावला. रविवारपासून ग्विनसाहेब गुडघाभर पाण्यात जाळं घेऊन ती शोधताहेत. त्यांना कसं थांबवायचं हे सुचलं तर तेही कळवा.

शेवटचं. हे वर लिहिणार नव्हतो. अंगठी तपासायला देतानाच ग्विनसाहेब सहज म्हणाले, की आईच्या बोटाला कायम हिरवा वळ असायचा. कपडे धुवायच्या सोड्याने होतो, असं ती सगळ्यांना सांगायची. पितळाने बोट हिरवं पडतं हे त्या बाईला कळलं नसेल, असं मला वाटत नाही. नवऱ्याची अब्रू तिने चाळीस वर्षं सोड्यावर ढकलून सांभाळली. तिला खोटं पाडणं मला काही जमलं नाही. तुम्हाला जमणार असेल, तर पाकीट न फोडता परत पाठवा.