सर्व्हेतलं तुमचं नाव

धाराशिव

ती. अप्पांना शिवांजलीचे शरणु शरणार्थी.

मी बरी आहे. खोली हवेशीर आहे, डबाही चांगला येतो. मुरूमला सगळे बरे ना? आईचा गुडघा कसा आहे?

रेडिओच्या जाहिराती विकायचं काम आता जमतंय. काल साडीच्या दुकानात वसंतरावांना आमचा सर्व्हे दाखवला. मुरूमचे निम्मे दुकानदार रोज आमचं केंद्र ऐकतात, असं त्यात लिहिलंय. ते जाहिरात द्यायला तयार झाले, पण म्हणाले, "पोरी, विचारलं कुणाला, ते तर दाखव."

ऑफिसात येऊन फॉर्म काढले. तिसऱ्याच फॉर्मवर तुमचं नाव! 'महालिंगप्पा, किराणा दुकान, रोज दोन तास ऐकतात.' अप्पा, तुम्हाला तर फोनवरचंही ऐकू येत न्हाय, म्हणून तर हे पत्र. खालच्या सह्याही मला सगळ्या एकाच हातच्या वाटतात. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "तुला काय करायचंय? तू जाहिरात आण."

मी वसंतरावांना थांबायला सांगितलंय. साहेबांना हे अजून ठाऊक न्हाय.

दुकानात खरंच कुणी विचारायला आलं होतं का? आईला यातलं काही सांगू नका. आणि माझी नोकरी टिकावी म्हणून 'व्हय' लिहू नका.

तुमची लेक,
शिवांजली