यंदाची ओवाळणी

करोल बाग,
२ नोव्हेंबर २०१२

चि. बळवंतास, ताईचे अनेक आशीर्वाद.

तू पहाडगंजात, मी इथे, मधे एकच मेट्रो स्टेशन. तरी तुझ्या या हेरगिरीच्या नोकरीपायी तोंड दिसत नाही. कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाउसमधले शांताराममामा तुझी पत्रं आणतात, चहा पितात आणि काही सांगत नाहीत. हॉटेलात तू कोणत्या नावाने राबतोस, देव जाणे.

बाजारात बॉम्ब ठेवून ह्यांना मारणारा माणूस तुझ्याच हॉटेलात उतरलाय, असं लिहिलंस. मग ऐक. भाऊबीजेला साडी नको. त्याचा जीव हीच माझी ओवाळणी. कोर्ट नको, तारखा नकोत. जमलं तर ये, नाहीतर भाऊ नसलेल्या बायकांसारखी मी चंद्राला ओवाळीन.

खोकला अंगावर काढू नकोस. माया आहे, म्हणूनच एवढा हट्ट.

तुझी,
ताई


पहाडगंज,
१३ नोव्हेंबर

ती. कुमुदताईस, शि. सा. न. वि. वि.

आज दिवाळी. मालकाने मिठाई दिली, मी हिंदीत आभार मानले. मागेच मराठी शाळा आहे. सुटी लागेपर्यंत पोरांच्या कविता ऐकायला मी उगाचच गच्चीवर चादरी वाळत घालायचो. तेवढंच मराठी कानावर पडे.

काल त्याला गाठलं. गच्च्यांवरून पळताना तो घसरला आणि कठड्याला लोंबकळला. खाली तीन मजले. मी नुसतं उभं राहायचं होतं. भाऊजींची चप्पल आठवली, ताई. ओळख पटवायला मीच गेलो होतो. पण त्याने दुसरा बॉम्ब ठेवल्याची खबर होती आणि तो कुठे आहे, हे त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. मी हात दिला. वर ओढताना माझा खांदा निखळला. मग तो बोलला. बॉम्ब तुझ्याच करोल बागेत होता, पणत्यांच्या दुकानांशेजारी. वेळेवर काढला.

तो जिवंत आहे, आता तारखाच पडतील. तुझी ओवाळणी मी माझ्याच हाताने वाचवली. तेव्हा कोणत्या तोंडाने येऊ? सोळा तारखेला दुसऱ्या गावी, दुसऱ्या नावाने जायचा हुकूम आहे. हे वाचून जाळून टाक.

लोभ उरला असेल तेवढा राहू दे.

बळवंत


करोल बाग,
भाऊबीज

चि. बळवंतास, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. रागच आला, खोटं कशाला लिहू. तो जेवणार, झोपणार आणि ह्यांचा पाट रिकामा.

आज बाजारात गेले. पणत्या विकणाऱ्या बायका जागच्या जागी होत्या. ह्यांच्यासारखेच पिशव्या घेऊन पुरुष निघाले होते आणि सगळे घरी पोचणार होते. तिथेच उभी राहून मी रडले.

खांद्याला जप. नवं नाव मला कळवू नकोस, मी बळवंतच म्हणणार. मामा खाली थांबलेत, म्हणून आवरतं घेते.

संध्याकाळी गच्चीवर चंद्राला ओवाळलं. बारीक कोर होती, लगेच मावळली. तुझ्या गच्चीवरूनही दिसली असेल. ताटात तुझं पत्र ठेवलं होतं. जाळ म्हणालास, तर त्याच निरांजनावर जाळलं. ओवाळणी पोचली.

तुझी,
ताई