शिळा क्रमांक तीन आणि परगावचा भोपळा

प्रति,
मा. हद्द व नकाशे अधिकारी,
जिल्हा कार्यालय.

विषय : सीमाशिळा क्र. ३ माझ्या फाटकाशी आल्याने माझा भोपळा परगावचा ठरल्याबाबत.
संदर्भ : आपले १२ ऑगस्टचे पत्र (एकूण ओळी दोन).

महोदय,

मी, विनिफ्रेड पॅजेट, विधवा, राहणार निदर टिडलकोम, पुढीलप्रमाणे अर्ज करते.

१. आमच्या गावाच्या उत्तरेस खडूची टेकडी, दक्षिणेस ओढा, पूर्वेस दफनभूमी व पश्चिमेस शिळा क्र. ३ आहे. नऊशे वर्षांपूर्वीच्या महसूल पाहणीत आमची नोंद "सात कुटुंबे, एक गिरणी, बेचाळीस डुकरे" अशी आहे. पश्चिमेकडच्या अपर टिडलकोमची नोंदच नाही. हे केवळ माहितीस्तव.

२. दरवर्षी येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी पाद्रीबाबांमागून सारा गाव हद्दीवरून चालतो, प्रत्येक शिळेला काठ्यांनी झोडपतो आणि गावात नव्याने आलेल्या माणसाला उचलून शिळेवर तीनदा आपटतो, म्हणजे हद्द त्याच्या जन्मभर लक्षात राहते.

३. माझे पती विल्फ्रेड यांनी गेल्या वर्षी ही शिळा परसामागच्या कुरणातून ओढत आणून पुढच्या फाटकाशी ठेवली. बूट काढायला टेकता यावे, एवढाच हेतू. फेब्रुवारीत ते वारले. मे महिन्यात नव्या पाद्रीबाबांनी शिळा दिसली तिथेच झोडपली. पाऊस मुसळधार होता, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. परिणामी माझे घर, कोंबड्या व भोपळ्याचा वाफा अपर टिडलकोमात गेला.

४. आमचे भाजी प्रदर्शन ७ सप्टेंबरला आहे. त्यात गावच्या हद्दीत पिकलेलीच भाजी चालते. विल्फ्रेड सलग चौदा वर्षे दुसरे आले. पहिल्या येतात त्या सौ. थ्रिप, ज्या प्रदर्शनाच्या चिटणीसही आहेत. त्या फाटकावर रेलून मला म्हणाल्या, "विनी, तुझा भोपळा आता तिकडचा गं! तिकडच्या प्रदर्शनात ठेव की. अगंबाई, तिकडे प्रदर्शनच नसतं, नाही का?" यंदाचा भोपळा विल्फ्रेडनी स्वतः निवडून ठेवलेल्या शेवटच्या बियांचा आहे. वजन लिहीत नाही, कारण सौ. थ्रिप यांची नणंद आपल्या कार्यालयात टंकलेखिका आहे. मला विल्फ्रेडची फार आठवण येते. ते एकदा तरी पहिले यावेत, एवढीच माझी इच्छा आहे.

५. आपण कळवता, "शिळा असेल तेथे हद्द. शिळा मूळ जागी परत नेण्यास मनाई आहे." मी हे तीनदा वाचले. अन्यत्र नेण्यास मनाई कोठेही आढळली नाही.

सबब, शिळा मूळ जागी नेण्याची परवानगी शुक्रवार, ६ सप्टेंबरच्या दुपारपर्यंत मिळावी. न मिळाल्यास मी ती ट्रॅक्टरवर घालून आपल्या कार्यालयाच्या दारात जमा करीन. आपले कार्यालय आमच्या पश्चिमेस अकरा मैलांवर आहे. म्हणजे माझा वाफा, संपूर्ण अपर टिडलकोम आणि आपण स्वतः निदर टिडलकोमात याल. पाद्रीबाबा व सारा गाव काठ्यांसह सोबत येण्यास तयार आहे. आपण गावात नवीन असाल, म्हणून कलम २ पुन्हा नजरेखालून घालावे.

आपली नम्र, आणि लवकरच आपली गाववाली,
विनिफ्रेड पॅजेट
३० ऑगस्ट १९७४

सोबत :
१) आपल्या पत्राची नक्कल
२) आलुबुखाराचा मुरंबा, एक बरणी (ही लाच नव्हे)
३) उशी, एक