पियानोचा एक चुकलेला सूर

ती. बाबा,

तुम्हा दोघांना वाकून नमस्कार.

माझी तब्येत ठणठणीत आहे आणि जेवण वेळेवर होतं. एवढं आईला आधी वाचून दाखवा.

आमची जॅझची रेकॉर्ड एकदाची झाली. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बास, ड्रम आणि पियानोवर मी. पाचही जणांनी एकाच खोलीत एका दमात वाजवायचं, त्यामुळे एकाची चूक वेगळी काढता येत नाही. आणि नेमकं ट्रम्पेटवाला आजवरचं सर्वांत सुंदर वाजवत असताना माझं बोट घसरलं.

मी म्हटलं, पुन्हा वाजवू. तो उसळलाच. "बाई, तुझ्या एका बोटासाठी मी एवढं सगळं फेकून देऊ?"

ड्रमवाला म्हणाला, "कुणाला कळणार आहे?"

कुणाला कळणार आहे! रेडिओवर पेटीवाला चुकला तरी घास हातात धरून थांबणारा माणूस आमच्या घरी आहे, हे या गाढवांना कसं सांगू? हट्टाने पुन्हा वाजवायला लावलं. माझं निर्दोष झालं आणि बाकी सगळं थंडगार. माझा आग्रह चोखपणाचा होता की तुमच्या धाकाचा, तेच मला ठरवता येईना. शेवटी चरफडत पहिल्या, चुकलेल्या वादनालाच हो म्हटलं.

तुमचा गुडघा कसा आहे? खरं सांगा.

रेकॉर्ड आली की दोघं मिळून ऐका. फक्त तो सूर आला की आईकडे बघू नका. तिला वाटू दे, हे संगीत असंच असतं.

तुमची,
धाकटी