सर्पगंधा चाखणारा

१२ नोव्हेंबर १९५८, झरी
आलो एकदाचा! मोटारीनंतरच्या बैलगाडीने हाडं खिळखिळी झाली, पण मन प्रसन्न आहे. वामनराव ठेकेदारांच्या गोदामात सर्पगंधेच्या मुळ्या घ्यायच्या. जंगलातून, तांड्यांवरून लोक त्या खणून आणतात. मुंबईच्या कारखान्यात त्यांच्या गोळ्या होतात, रक्तदाबावरच्या आणि वेड्यांना शांत करायच्या. काहीजण दुसऱ्याच झाडाची मुळं मिसळतात. दिसायला सारखीच, पण खरी मुळी जहर कडू. म्हणून प्रत्येक मोळीतला तुकडा चावून बघायचा, हेच माझं काम. आमच्या घराण्याने यवतमाळच्या कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या कागद काळे केले. जिभेवर पोट भरणारा पहिला मीच. खोली हवेशीर आहे. बिऱ्हाड लागलं की पद्मजाला आणायचं. लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही.

१९ नोव्हेंबर
काम जमलं. अडचण एकच, आणि ती लिहायलाही लाज वाटते. चावलेलं थुंकायचं कुठे? समोर बायामाणसं माल घेऊन बसलेली. चारचौघांत थुंकलो म्हणून लहानपणी वडिलांनी थोबाड फोडलं होतं. मी निमूट गिळतो. तांड्यावरची रुपीबाई मुळ्या घेऊन येते, ती माझं तोंड बघून ओढणीआड हसते. आज सरळ म्हणाली, "बाबू, गिळून काहून राह्यला? थुकून टाक ना." मी तोऱ्यात सांगितलं, आम्हाला तसली सवय नाही.

गोदामामागच्या ओट्यावर एक गृहस्थ दिवसभर बसलेले असतात. नाव श्रीकृष्ण, माझ्याआधी हेच काम करायचे. स्वच्छ धोतर, सभ्य चेहरा. नमस्कार केला तर नुसते बघतात. वामनराव म्हणाले, जीभ गेली त्यांची, कडूगोड कळेना, पण माणूस फार शांत.

३ डिसेंबर
नाक सारखं चोंदलेलं. झोप अनावर, आणि स्वप्नं घाणेरडी. काल स्वप्नात आई गेली आणि मला रडूच येईना. पद्मजाचं पत्र आलंय. फोडलं नाही, उद्या फोडीन.

मी शीघ्रकोपी म्हणून घरात बदनाम. आज वामनरावांनी सर्वांदेखत गाढव म्हटलं आणि मला काहीच वाटलं नाही. त्याचीच मग भीती वाटली.

१७ डिसेंबर
श्रीकृष्णांजवळ जाऊन बसलो. त्यांना विचारलं, तुम्ही मुळी चावून थुंकत होतात का? फार वेळाने त्यांनी मान हलवली. नाही. तेही चांगल्या घरचे, अमरावतीचे, हे रुपीबाईकडून कळलं होतं. वामनराव या कामाला चांगल्या घरचीच माणसं शोधून आणतात, लबाडी करत नाहीत म्हणून. चांगलं घर! आग लागो त्या चांगुलपणाला.

आज थुंकायचंच ठरवलं होतं. तुकडा चावला. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे — गिळला.

२ जानेवारी
कडू लागेना. मोठा तुकडा चावावा लागतो, तरी लागेना. इथून पळायला हवं. ट्रंक भरायला काढली आणि तिच्यावरच बसून राहिलो, दिवस मावळेपर्यंत. परवापर्यंत भीती होती. ती तरी असायला हवी होती —

११ जानेवारी
ओट्यावर. श्रीकृष्ण सरकले, जागा दिली. ऊन बरं आहे. पत्रं तशीच —

१५ जानेवारी
पद्मजा आली. एकटी. पत्रांना उत्तर नाही म्हणून. माझा हात धरून रडली. मी बघत होतो.

वामनराव तिला म्हणाले, नवरा बरा होईस्तोवर त्याचं काम तुम्ही करा. चांगल्या घरच्या दिसता. ती हो म्हणाली. माझ्यासाठी —

मागचं दार उघडं आहे. इथून दिसते. समोर बाया बसल्यात. रुपीबाई आज नाही. पद्मजाने मुळी चावली. तोंड वाकडं — इकडेतिकडे बघतेय. कुठे थुंकावं — पदर तोंडाशी — आता माझ्याकडे बघतेय.

सांगायला हवं. एकच शब्द. थुंक. ओठ उघडायचे, बस. सांगतो. हा घास जाऊ दे, पुढच्या घासाला नक्की —